नजरेची उंची

चित्रकार फ्रीडा काहलोच्या कृत्रिम पायातला बूट लाल आहे. चामड्याचा, नाडीचा, घोट्याच्या वर येणारा. त्यावर चिनी रेशमाचं भरतकाम लावलेलं आणि बारीक घंटा अडकवलेल्या. १९५३ साली तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि पुढच्याच वर्षी ती गेली, म्हणजे हा बूट तिच्या वाट्याला फार तर काही महिने आला असेल. मेक्सिकोतल्या तिच्या निळ्या घरात तिच्या वस्तू जवळजवळ पन्नास वर्षं कुलपात बंद होत्या. २००४ साली ते कुलूप निघालं तेव्हा कपडे, औषधं, पाठीला आधार देणारे प्लास्टरचे कॉर्सेट यांच्यासोबत हा पायही बाहेर आला. २०१८ मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात तो मांडला होता. मी त्याचा फोटोच पाहिलाय, पण त्या फोटोपाशी जितकी थांबले तितकी तिच्या कुठल्याही चित्रापाशी थांबले नसेन.

कारण माझे सगळे बूट काळे होते.

मला पोलिओ झाला तेव्हा मी दीड वर्षाची होते. सत्तरच्या दशकात आमच्याकडे गल्लीगणिक एखादं तरी पोलिओचं पोर असायचंच. तेव्हापासून कॅलिपर माझ्या अंगाला आहे. कॅलिपर म्हणजे काय हे आता तरुण मुलांना सांगावं लागतं. मांडीला चामड्याचा रुंद पट्टा, पोटरीला दुसरा, दोन्ही अंगांनी खाली उतरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, गुडघ्यावर चामड्याची गादी, आणि खाली त्या पट्ट्या बुटाच्या टाचेत अडकवलेल्या. गुडघ्यापाशी दोन कड्या असतात. उभं राहिलं की त्या खाली सरकतात आणि गुडघा लॉक होतो. बसायचं तर हातांनी कड्या वर ओढायच्या. त्याचा खट् असा आवाज होतो. शाळेत प्रार्थना संपून सगळा वर्ग खाली बसला, की सगळ्यांच्या मागून माझा खट् ऐकू यायचा. उन्हाळ्यात घामानं लोखंड गंजायचं आणि मोज्यावर तांबूस डाग पडायचे. ते डाग कुठल्याच साबणानं निघत नसत.

वर्कशॉपमध्ये माप देताना सगळं विचारायचे. मांडीचा घेर किती, उंचीला किती वाढली, कुठं टोचतं. रंग कोणी विचारत नसे. काळा, नाहीतर तपकिरी. बूट हा उपचाराचा भाग होता. तो घालणारीला आवडावा असं कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं. माझ्याही मनात आलं नव्हतं. म्हणून तो लाल बूट पाहिला तेव्हा मी हलले. अंगावर चढवायच्या त्या वस्तूकडे फ्रीडानं चित्रकाराच्या नजरेनं पाहिलं होतं. प्लास्टरचे कॉर्सेटही तिनं असेच रंगवले. १९२५ सालच्या बसच्या अपघातानंतर ती महिनोन् महिने पलंगावर होती. आईनं पलंगाच्या छताला आरसा बसवून दिला, निजूनच काम करता येईल असं ईझल, म्हणजे चित्र टेकवायचा स्टँड, करवून घेतलं. त्या आरशात जे दिसलं त्यातून तिची आत्मचित्रं सुरू झाली. ती कुठून पाहते आहे हे तिच्या चित्रांत लपवलेलं नाही, आणि मला तिच्याकडून घ्यायचं होतं ते एवढंच.

माझं पाहणं बसून. आणि बसून पाहण्यात काही कमी आहे हे मला फार उशिरा कळलं, याचं श्रेय मिरजेला. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून जवळ. आई बाजारात जाताना मला तिथल्या एका दुकानात बसवून जायची. तिथं सगळेच बसलेले असत. भोपळा कापणारे, तूणाच्या लाकडाची दांडी तासणारे, तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, नक्षी बसवणारे, तंबोरा मांडीवर आडवा घेऊन जवारी लावणारे, म्हणजे तारांचा नाद घासून जुळवणारे, चाचा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे वर टांगलेले, आणि खाली जमिनीवर मांडी घालून दिवसभर चाललेलं काम. गिऱ्हाईक कितीही मोठा गवई असो, त्यालाही खाली बसावं लागे. त्या दुकानात माझी नजर आणि कारागिरांची नजर एकाच उंचीवर होती, म्हणून मला त्यांचे हात जवळून दिसले. जवारी लावताना चाचा तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत, तार छेडत, मान तिरकी करत, पुन्हा कानस. माझ्या पहिल्या चित्रवहीत तेच आहे: हात, कानस, घोडी. चाचांचा चेहरा नाही. (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्यांची फार आठवण आली.)

पुढे कलामहाविद्यालयात गेले. कोणतं ते सांगत नाही. अशी तेव्हा बरीच होती. लाइफ ड्रॉइंगचा, म्हणजे समोरच्या माणसावरून चित्र काढण्याचा, वर्ग वरच्या मजल्यावर. बाकीची मुलं ईझलसमोर उभी, मी डाँकीवर, म्हणजे बसून चित्र काढायच्या बुटक्या बाकावर, बसलेली. एकदा सर माझ्या मागे येऊन थांबले आणि म्हणाले, "तुझी आय लेव्हल खाली जातेय. बाकीच्यांचं बघ जरा, तसं घे."

चित्र न काढणाऱ्यांसाठी थोडं समजावून सांगते. सपाट मैदानात माणसं उभी आहेत आणि चित्रकारही उभा आहे, तर क्षितिजाची रेषा जवळच्या-लांबच्या सगळ्या माणसांच्या साधारण डोळ्यांतून जाते. चित्रकार खाली बसला, की तीच रेषा त्या माणसांच्या कमरेवर येते आणि डोकी वर आभाळात जातात. यात चूक-बरोबर काही नाही, रेषा पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते एवढंच. सर स्वभावानं वाईट नव्हते, मला बसायला डाँकी त्यांनीच मिळवून दिली होती. पण वर्गातली चित्रं एकाच उंचीवरून काढलेली असावीत असं त्यांना शिकवलं गेलं होतं आणि त्यांनी ते पुढे शिकवलं. परीक्षेचे कागद मी त्यांच्या रेषेवर काढले. स्वतःच्या वहीत मात्र रेषा माझीच ठेवली.

या उंचीवरून काय दिसतं? एस.टी. स्टँडवर पिशव्यांचे तळ दिसतात, घट्ट धरलेली बोटं दिसतात, टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली सुतळी दिसते. उभ्या माणसांच्या हनुवट्या दिसतात. लहान मुलांचे चेहरे मात्र थेट समोर येतात, आणि बाजारात बसलेल्या बायकांचेही. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी मावशी, चप्पल शिवणारे काका, फुलांच्या ढिगामागची आजी, यांच्याशी माझी नजर सरळ भिडते. उभ्या माणसाला त्यांची टाळू आणि पदर दिसतो. मी गेली कित्येक वर्षं बसलेली माणसं रंगवते आहे ती काही सहानुभूतीपोटी नाही. ती माझ्या समोर असतात म्हणून.

आता बिनोदबिहारी मुखर्जींविषयी लिहायलाच हवं. आपल्याकडे या विषयावर बोलताना परदेशातली नावं आधी येतात, मीही तेच केलं. पण मला रोज कामाला लागणारा चित्रकार शांतिनिकेतनचा आहे. जन्म १९०४ चा. लहानपणापासून एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्याची नजर अगदी अधू. अशा नजरेनं त्यांनी १९४६-४७ मध्ये तिथल्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भलंमोठं भित्तिचित्र काढलं. ओल्या चुन्यावरचं काम. गिलावा ओला असेपर्यंतच रंग मुरतो, त्यामुळे त्या दिवशीचा तुकडा त्याच दिवशी संपवायचा, आणि मागाहून दुरुस्तीला जागा नाही. भल्याभल्यांनी अशा कामासाठी आधी भिंतीएवढा आराखडा करून तो उतरवून घेतलाय. यांनी तो न करता थेट भिंतीवर काम केलं. रामानुज, कबीर, तुलसीदास, गुरू गोविंदसिंह, आणि सूरदास. संतांच्या आजूबाजूला घाट, गल्ल्या, कष्टकरी माणसं अशी दाटी, की संत कोण आणि वाटसरू कोण हे शोधावं लागतं.

लांबचं धड दिसत नसलेला माणूस एवढी भिंत डोक्यात धरून तिचा हातभर तुकडा रंगवतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. त्या चित्रातली माणसांची सलग वाहती रांग या पद्धतीतून आली असावी असं मला वाटतं. हे माझं मत आहे, कलासमीक्षकांनी तपासून घ्यावं. पण मी स्वतः जवळून, तुकड्यातुकड्यानं काम करते, त्यामुळे त्या भिंतीतला हात मला ओळखीचा वाटतो.

पन्नाशी उलटल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडली आणि होती ती नजरही गेली. त्यांनी काम चालू ठेवलं. कागदाच्या घड्या घालून आकृत्या केल्या, रंगीत कागद कापून चिकटवले, रेखाटनं केली, आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर सिरॅमिकच्या फरशांचं भित्तिचित्र उभं केलं. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट केला. राय हे त्यांचे विद्यार्थी. माहितीपटाच्या शेवटी बिनोदबाबूंचं एक वाक्य येतं, त्याचा आशय असा, की आंधळेपण ही एक नवी जाणीव आहे, नवा अनुभव, असण्याची नवी अवस्था. त्यात तक्रारही नाही आणि विजयाची आरोळीही नाही. एका चित्रकारानं आपल्या नव्या साहित्याची घेतलेली ही नोंद आहे, असं मी समजते.

त्यांच्या कागदकामाचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला. पोलिओ होऊन गेल्यावर काही दशकांनी स्नायू पुन्हा दुबळे पडू लागतात, थकवा येतो. पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात त्याला. चाळिशीनंतर माझे खांदे दुखू लागले. वर्षानुवर्षं कुबड्यांवर सगळा भार खांद्यांनीच घेतला होता. मोठ्या कॅनव्हासवर हात वर करून काम करणं थांबलं. मग सुताराकडून फूटभर बाजूचे प्लायचे चौकोन कापून घेतले, मांडीवर घेऊन एकेक रंगवायचे आणि शेवटी भिंतीवर शेजारीशेजारी जोडायचे. जोडाच्या फटी दिसतात. त्या मी बुजवत नाही. फटीपाशी रेषा किंचित सरकते, माणसाचा हात एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना थोडा अडखळतो, आणि बाजारात बसलेल्या माणसांच्या चित्राला ते अडखळणं शोभतं. खांदे धड असते तर ही चित्रं अशी झाली नसती.

माझ्या प्रदर्शनाला येणारी बहुतेक माणसं हे पाहत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं भरलेली असतात. "तुमच्या जिद्दीला सलाम." "धडधाकट माणसांनी लाजावं." "देव एक नेतो आणि दुसरं देतो." लिहिणाऱ्यांचा भाव चांगला असतो, हे मी मनापासून मानते. काही जण लिहिताना डोळे पुसत असतात. पण पिवळा जास्त झाला का, त्या फटी खटकल्या का, फुलवाल्या आजीची पाठ नीट आली का, याबद्दल एक ओळ नाही. चित्रापर्यंत कोणी पोचलंच नाही. सगळे माझ्या चाकांच्या खुर्चीपाशी थांबले.

एक अपवाद सांगते. कॅलिपर वर्कशॉपमध्ये चामड्याचं काम करणारे एक गृहस्थ आले होते, निवृत्त झालेले. मी कॅलिपरच्या पट्ट्यांची एक चित्रमालिका केली होती, नुसते पट्टे, बकल, भोकं, टाके. ते एका चित्राजवळ चष्मा वर करून बराच वेळ वाकून उभे होते. मग मला म्हणाले, "ताई, हे तिसरं भोक ओढून लांबट झालंय ते बरोबर काढलंय. डाव्या हातानं ओढता ना तुम्ही? आणि हा टाका आमचा नाही, बाहेरून शिवून घेतलाय." पट्टा खरंच मी बाहेर शिवून घेतला होता. त्यांनी माझं चित्र वाचलं. आजवर मला मिळालेली ती सर्वांत खोल समीक्षा आहे.

ती मालिका करण्यामागे आणखी एक कारण आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ज्या कार्यकर्तीनं दारोदार फिरून लहानग्यांच्या तोंडात ते दोन थेंब घातले तिला माझा दंडवत. आमची पिढी या देशातली पोलिओचा कॅलिपर घालणाऱ्या शेवटच्या पिढ्यांपैकी आहे. आम्ही गेलो की या कड्या, हे पट्टे, मोज्यांवरचे गंजाचे डाग, सगळं जाईल. ते कुणीतरी आतून पाहून काढून ठेवायला हवं. बाहेरून काढलेलं पुष्कळ आहे: दयेची जाहिरात, देणगीचं आवाहन, ३ डिसेंबरचं पोस्टर.

३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. त्या दिवशी मला आमंत्रणं येतात, शाल-श्रीफळ मिळतं, माझ्या जीवनप्रवासावर चार शब्द बोलायला सांगतात. एप्रिलमध्ये रंगांवर बोलायला कोणी बोलावत नाही. मानधनाचा विषय काढला तर समोरचा माणूस गोंधळून जातो. माझं म्हणणं साधं आहे. अपंग कलाकाराला कलाकाराचे पैसे द्या, ग्रुप शोमध्ये घ्या, निवड समितीवर बसवा. आणि चित्र पडलं तर पडलं म्हणून सांगा.

पडद्यावर आणि रंगमंचावरही गोष्ट तीच आहे. १९९१ मध्ये 'चौकट राजा' आला. दिलीप प्रभावळकरांचा बौद्धिक अपंगत्व असलेला नंदू पाहून आमच्या घरात सगळे रडले, मीही रडले. ते काम थोर होतं, आजही माझं मत तेच आहे. पण नंदूसारखी मुलं ज्यांच्या घरी होती, त्यांना आपलं मूल पडद्यावर दिसलं ते एका कसलेल्या नटाच्या अंगातून. त्या मुलांना स्वतःला कॅमेऱ्यासमोर उभं करता येईल असं तेव्हा कुणाला सुचलं नसावं. मग २०१४ मध्ये महेश लिमये यांचा 'यलो' आला. डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिची गोष्ट, आणि पडद्यावर गौरी स्वतः. राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची विशेष दखल घेतली गेली. तिचं बोलणं, तिचा संवादाच्या मध्ये येणारा थांबा, पाण्यात उतरतानाचं तिचं अंग, हे दुसऱ्या कुणाला अभ्यास करून आणता आलं नसतं. दोन चित्रपटांच्या मध्ये तेवीस वर्षं गेली. पुढचं पाऊल पडायला इतका वेळ लागू नये.

रंगभूमीवर स्वागत थोरात यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. २००८ मध्ये त्यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, हे अनेकांना ठाऊक असेल. त्यांनीच १९ दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'अपूर्व मेघदूत' हे नाटक बसवलं. मेघदूतच का, असा प्रश्न कुणालाही पडेल. कालिदासाचं ते काव्य तर सगळं पाहण्याचं आहे. रामगिरीपासून, म्हणजे आपलं रामटेक असं मानतात, थेट अलकेपर्यंतच्या वाटेवरच्या नद्या, शिखरं, नगरं. पण नीट विचार केला तर यक्ष त्यातलं काहीच समोर पाहत नाही. त्याला शाप आहे, जागचं हलता येत नाही. तो मनातला रस्ता शब्दांत मांडून ढगाला सांगतो आहे. डोळ्यांसमोर नसलेल्या वाटेचं वर्णन करणारा हा नायक दृष्टिहीन नटाच्या तोंडी दिला, की त्या काव्याचं अंतरंगच वर येतं. इथं कुणी अंध नटांवर उपकार केलेले नाहीत. कालिदासाचाच त्यात फायदा झाला आहे.

कायद्याच्या बाजूनं थोडं बरं चाललंय. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि चित्रपट-मालिकांतल्या अपंगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक सूचना केल्या. अंध माणूस वस्तूंना धडकतो असल्या समजुतींवर हशा पिकवू नका आणि दुसऱ्या टोकाला जाऊन त्याला अचाट शक्तीचा महामानवही करू नका, अशा अर्थाचं त्यात आहे. अपंगांना सोबत घेऊन काम करा, हेही आहे. वाचताना मला अभिप्रायाच्या वहीतली पानं आठवत होती. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंगांची नोंद झाली, त्यांतले सुमारे ३० लाख महाराष्ट्रातले. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यामुळे पुढचा आकडा वाढेलच. एवढी माणसं आपल्या कथा-कादंबऱ्यांत, मालिकांत, चित्रांत कुठं आहेत? दिसलीच तर शकुनी-मंथरेच्या खलत्वाची खूण म्हणून, नाहीतर नायकाचं मन किती मोठं हे दाखवायला.

आणि दारातल्या पायऱ्या. याविषयी लिहून लिहून कंटाळा आला तरी लिहावं लागतं. माझं एक प्रदर्शन मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या दालनात होतं. दाराशी तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंचांची. म्हणजे दीड फूट चढ. रॅम्पचं प्रमाण एकास बारा असावं लागतं. दीड फुटाला अठरा फूट लांबी, वळण घेऊन केला तर कुठल्याही आवारात बसतो. मी तीन महिने आधी पत्र लिहिलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी रॅम्प नव्हता, चार तरुण होते. "काळजी करू नका मॅडम, आम्ही उचलून घेतो." माझ्याच चित्रांच्या उद्घाटनाला मी साडी सावरत, अनोळखी हातांत लोंबकळत आत गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही राग आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रातुरी यांच्या प्रकरणात सांगितलं, की सुगम्यतेचे किमान निकष सक्तीचे असायला हवेत, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. हा निकाल प्रत्येक दालनाच्या कार्यालयात भिंतीवर लावावा असं मला वाटतं. ज्या इमारतीत मी स्वतःच्या चाकांवर शिरू शकत नाही, तिथं माझ्यासारख्या विद्यार्थिनीनं चित्रं पाहत कसं वाढायचं?

सध्या मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांचे वर्ग घेते. तळमजल्यावर, अर्थात. स्मरणचित्राचे विषय ठरलेले असतात: बाजार, जत्रा, बसथांबा, पावसातला प्रसंग. मुलं वर्षानुवर्षं तीच माणसं काढतात. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्रीवाले आजोबा, फुगेवाला. मी त्यांना घराबाहेर पाठवते आणि सांगते, आज जी माणसं दिसली तीच काढायची. मग तीनचाकी सायकलवर लॉटरीची तिकिटं विकणारे काका येतात, पांढरी काठी घेऊन रस्ता ओलांडणारा कॉलेजचा मुलगा येतो, हातवारे करत भांडणाऱ्या दोन मैत्रिणी येतात. एका मुलीनं वारीच्या चित्रात हातांवर सरकत चाललेला वारकरी काढला. त्याच्या हातांत चपला घातलेल्या होत्या. मी तिला विचारलं, हे कुठं पाहिलंस? "पंढरपूरला, बाई. ते पायात नाही, हातातच घालतात." तळव्याखालची ती चप्पल तिनं इतकी नीट काढली होती, अंगठा पट्ट्यात अडकवलेला, टाच मनगटाशी आलेली. मग तिनं हळूच विचारलं, "परीक्षेत असं काढलं तर मार्क जातील का?"

मी म्हटलं, "काढ. गेले तर मी भांडेन." आणि खरंच भांडेन. परीक्षकांना, कला-शिक्षकांना, पाठ्यपुस्तकांत चित्रं काढणाऱ्यांना मी पत्रं लिहीतच असते. वर्गाच्या चित्रात एक मूल व्हीलचेअरवर दाखवा. पण त्याला कोपऱ्यात हसत ठेवू नका, त्याला फळ्यावर गणित चुकू द्या, शेजाऱ्याचा डबा खाऊ द्या. एका चित्रकारानं उलट लिहिलं, की व्हीलचेअर काढायला अवघड जाते. मी त्याला माझ्या खुर्चीचे सहा कोनांतून काढलेले आराखडे पाठवले.

येत्या हिवाळ्यात सांगलीत माझं प्रदर्शन आहे, शाळेच्या हॉलमध्ये, एकही पायरी नसलेल्या. दालनांत चित्रं सहसा उभ्या माणसाच्या नजरेच्या हिशोबानं, पाच फुटांच्या आसपास मध्य धरून लावतात. मी मध्य पावणेचार फुटांवर घेतला आहे. जुन्या कॅलिपरचे दोन पट्टे हात लावून पाहण्यासाठी टेबलावर ठेवणार आहे, आणि चित्रांची नावं ब्रेलमध्येही असतील. उभ्यानं येणाऱ्यांसाठी शाळेतली लाकडी स्टुलं मागून घेतली आहेत. बसून पाहिलंत तर भाजीबाजाराची रांग बरोबर तुमच्या डोळ्यांसमोर येईल. अभिप्रायाची वही दाराशी असेल. त्यात चित्रांबद्दल लिहा. पिवळा जास्त वाटला तर तेही लिहा.